दारांच्या होड्या

सेयनी मामाने दारं दाखवली, असं या गावात अजून म्हणतात. बाजारात मिठाच्या लाद्या उतरवताना म्हणतात, विहिरीवर म्हणतात, आणि ज्यांचे आजोबा तेव्हा पाशाच्या पंगतीला बसून कोकराच्या मांड्या चावत होते, त्यांची नातवंडं तर फारच ठासून म्हणतात. मी आता म्हातारी झाले, दात गेले, पण हे कानावर पडलं की डोकं अजून तापतं. म्हणून काय झालं ते सांगते. मी तिथे होते. बोलणाऱ्यांपैकी बहुतेक जण तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते.

मामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. त्यांचं घराणं काबाराचं. तिंबुक्तू गाव वाळूत आणि त्याचं बंदर काबारा नदीवर, मधे गाढवाने जायची वाट. काबारात आमचे लोक होड्या शिवायचे. शिवायचे म्हणजे खरोखरच शिवायचे. फळीला फळी भिडवायची, कडेने भोकं पाडायची, अंबाडीच्या दोरीने टाके आवळायचे आणि सांध्यात सावरीचा कापूस ठासायचा. माझ्या आजोबांनी शिवलेली होडी मिठाने काठोकाठ भरून दक्षिणेच्या जेन्ने शहरापर्यंत जायची आणि येताना तांदूळ, चघळायच्या कोलाच्या बिया, कधी सोन्याची पूड घेऊन यायची.

आजोबा टाके घालताना राजांच्या गोष्टी सांगायचे. पश्चिमेला पूर्वी सोन्याचं एक मोठं राज्य होतं, त्याच्या विहिरींत आता वाळू भरलीय. मग मालीचे राजे आले, त्यांनी हे गाव मोठं केलं, नि त्यांची मुलं आपापसांत भांडली. मग गावचे राजे आले. गाव म्हणजे आमचं गाव नव्हे, नदीच्या वळणापलीकडची राजधानी, तिचं नावच गाव. तिथल्या राजांना अस्किया म्हणत, ते आमचे धनी झाले. "राजा मोठा होतो तो वाटेवर," आजोबा म्हणायचे. "मीठ खाली येतं, सोनं वर जातं, मधे बसून तो चिमूट चिमूट घेतो. आणि बुडतो तो घरात, भावाभावांत." अस्किया काही देवमाणसं होती असं मी म्हणणार नाही. आमचे नावाडी पिढ्यान्‌पिढ्या त्यांचे बांधलेले चाकर होते, त्यांच्या भातशेतीवर गुलाम मरेस्तोवर राबायचे. पण त्यांच्या राज्यात एकटी बाई जेन्नेहून डोक्यावर गाठोडं घेऊन निघाली तर ती गाठोड्यासकट घरी पोचायची, हेही खरं.

मामाला पाण्याचा कंटाळा. "जन्मभर ओल्या लाकडाला टोचत बसू काय," म्हणून तो तरुणपणी तिंबुक्तूला आला आणि दारं करायला शिकला. तो काळ दारांचाच होता. उत्तरेकडचे व्यापारी घरं बांधत होते, दूरदूरचे विद्यार्थी येऊन राहत होते, आणि मातीच्या घराला शोभा कशाची, तर दाराची. लाकूड दक्षिणेकडून नदीने यायचं, जाड, लालसर. त्यावर लोखंडाच्या टिकल्या ठोकायच्या, मधोमध कडी. मामाचा एक नेम होता. दार बसवलं की घरधन्याला तो बाजूला करायचा आणि घरातल्या बाईला म्हणायचा, "डोक्यावर पाण्याचं मडकं घे आणि कमरेने दार ढकल." मडक्यातलं पाणी सांडलं, तर दार पुन्हा उतरवायचा.

आमच्यात भाचीने मामाची चेष्टा करायची हा हक्कच असतो, आणि मी तो कधी सोडला नाही. माझा बाप वाळवंटात गेला तो परत आला नाही, तेव्हापासून आई नि मी मामाच्याच घरी होतो.

"गावभर दारं करतोस," मी म्हणायची, "आणि आपल्या दाराची कडी मांजरासारखी ओरडते."

"ओरडू दे. तू बाहेर निघालीस की मला कळतं."

"मी कुठे जाते?"

"तेच तर. कुणी येतच नाही तुला न्यायला. उद्यापासून तेल घालतो कडीला, कदाचित येईल कुणी."

फादी मामी दळता दळता हसायची. मूल नव्हतं त्यांना, पण घरात दुःखाला बसायला जागा नव्हती.

मामाचं सगळ्यात मोठं काम म्हणजे हाजी सालेमचं दार. हाजी मिठाचा व्यापारी, उत्तरेच्या खाणीपासून दक्षिणेच्या जंगलापर्यंत त्याचे उंट नि होड्या फिरायच्या. त्याला असं दार हवं होतं की उंट ओझ्यासकट आत यावा. मामाने ते केलं. एकेक फळी माणसाच्या दुपटीहून लांब. बसवलं त्या दिवशी हाजीने सगळ्या मोहल्ल्याला तांदूळ नि मांस वाढलं आणि मामाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सेयनी, हे दार माझ्या नातवंडांच्या नातवंडांना पुरेल."

त्याच मोहल्ल्यात कोपऱ्यावर कुंबा राहायची. विधवा, भट्टीत रोट्या भाजून विकायची, दोन मुली पदरात. तिचं दार मामाने उरलेल्या तुकड्यांचं केलं होतं, बदल्यात हिवाळाभर आमच्या घरी तिच्या गरम रोट्या येत होत्या. छोटंसं, बुटकं दार. तिला वाकून जावं लागायचं. पण कडी भक्कम होती.

मग राजधानीत भाऊ भावांच्या उरावर बसले. एक अस्किया मेला, त्याच्या जागी दुसरा, दुसऱ्याविरुद्ध तिसरा. काबाराच्या अधिकाऱ्यांतच खुनाखुनी झाली, आमच्या बाजूची फौज राजधानीवर चालून गेली नि मार खाऊन परतली, आणि मग राजाने चिडून आमच्याकडची चांगली माणसं वेचून मारली. मोठ्या लोकांच्या त्या भांडणात नदीकाठची गावंच्या गावं रिकामी झाली. आणि हे सगळं उत्तरेचा सुलतान बसून ऐकत होता. उंटवाल्यांना जीभ असतेच.

वाळवंट ओलांडून बंदुका आल्या. अर्धी फौज वाटेत तहानेने मेली म्हणतात, उरलेल्या अर्धीने आमची प्रचंड फौज एका दिवसात उधळली. आमच्या लोकांनी बंदुकीचा आवाज तोवर ऐकला नव्हता. हे मी ऐकलेलं सांगते. पाहिलं ते पुढचं.

फौज तिंबुक्तूकडे येतेय कळल्यावर काबाराच्या नावाड्यांनी एक शहाणपणाचं काम केलं. सगळ्या होड्या, अगदी मासे धरायच्या डोंग्यासुद्धा, घेऊन ते नदीपार निघून गेले. अस्किया पलीकडच्या काठाला होता. बंदुकवाले धक्क्यावर पोचले तर तिथे बगळे उभे. इतकी मोठी फौज, आणि पाय भिजवून उभी.

गावाने त्या दिवशी पोट धरून हसून घेतलं. तेवढंच हसू आमच्या वाट्याला होतं.

त्यांच्यावर सुलतानाचा नवा पाशा, म्हणजे सेनापती, आला, पहिल्याहून कडक. त्याने होड्यांसाठी आधी गावाभोवतीची झाडं तोडली. सावलीची, जुनी, ज्यांच्याखाली पोरं अक्षरं गिरवायची ती सगळी. झाडं पुरली नाहीत. मग हुकूम निघाला, घरांची दारं काढा.

हुकूम घेऊन आमच्याकडे बिल्लो आला. बिल्लो परका नव्हता. आमच्याच गल्लीतला, काफिल्यांना पाण्याच्या पखाली विकायचा, त्यातून उत्तरेची भाषा शिकला होता. आता पाशाच्या लोकांचा दुभाषा झाला होता आणि अंगावर नवा कोरा झगा होता. मागे दोन शिपाई.

"सेयनीदादा," तो म्हणाला, "तुला बोलावलंय काबाराला. होड्या शिवायच्यात."

"मी दारं करतो."

"म्हणून तर. दारं मोडायची पण तूच आणि होड्या करायच्या पण तूच. दोन्ही हुनर एका माणसात कुठे मिळणार त्यांना?"

"ही तुलाच सुचलेली अक्कल दिसतेय."

मामी भांडी सोडून पुढे आली. "बिल्लो, तुझ्या आईचं दार कुणी बसवलं रे? लग्नात तुझ्या खोलीला दार नव्हतं म्हणून कोण धावत आलं? खाल्ल्या घरचे वासे मोजणारे पाहिले होते, तू तर वासे उपटून न्यायला आलास."

"वहिनी, मी नुसता बोलणं इकडचं तिकडे करतो," बिल्लो म्हणाला. "नाही म्हणालात तर आक्काला आणि न्यामोयला पाशाच्या नव्या किल्ल्याच्या कामावर नेतील. माती वाहायला. तिथे बायकांचं काय होतं, ते मी इथे बोलत नाही."

आक्का म्हणजे माझी आई, न्यामोय म्हणजे मी. मामाने तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हत्यारांची पिशवी उचलली. एवढंच. त्याने होय म्हटलं नाही. पण गेला.

काबाराच्या धक्क्यावर दारांचा ढीग लागला होता. मी मामाला जेवण घेऊन रोज जायची, म्हणून पाहिलं. बायका येऊन आपापलं दार ओळखत होत्या. एक बाई आपल्या दारावर पोरांची उंची खडूने मांडत असे, ती त्या रेघांवर हात फिरवत बसली होती. शिपायांनी तिला उठवलं. मामा टिकल्या उपटत होता. स्वतःच्या हाताने बसवलेल्या टिकल्या. जेवायला बोलावलं तरी मान वर करेना.

"खाऊन घे," मी म्हटलं.

"हे बघ," तो म्हणाला. त्याच्या हातात एक बुटकी फळी होती. "कुंबाचं."

मी घरी जाताना मुद्दाम कुंबाच्या गल्लीतून गेले. तिच्या घराच्या तोंडाला चटई लटकत होती आणि कुंबा त्या चटईबाहेर भट्टीचं लोखंडी उलथनं मांडीवर घेऊन बसली होती. दोन्ही मुली आत. वरच्या हाताला हाजी सालेमचं दार होतं तसं होतं. तेल लावून पुसलेलं, टिकल्या चमकताहेत. आतून मांस भाजल्याचा वास. पाशाचे सरदार जेवायला बसले होते.

हे मी मामाला सांगितलं. सांगायला नको होतं असं मामी पुढे म्हणायची. मला तसं वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा हाजीकडे गेला. त्याचं तोंड आवर म्हणून मामीने मला बरोबर पाठवलं. माझं तोंड त्याच्याहून वाईट, पण घरात दुसरं कुणी नव्हतं.

हाजीने गादीवर बसवलं, दूध मागवलं. म्हातारा पहारेकरी माबो दूध घेऊन आला. बिचारा त्या दारामागेच राहायचा, जेवायचा, नमाज पढायचा.

"हाजी, कुंबाचं दार गेलं, तुमचं जागेवर आहे," मामा म्हणाला.

"अल्लाची मेहेर."

"अल्लाची का मेजवानीची?"

हाजी रागावला नाही. तो शहाणा माणूस होता, गावातल्या शहाण्या माणसांनी मला आयुष्यभर वीट आणलाय. तो म्हणाला, "सेयनी, वारा बघून तंबूची दोरी बांधावी. मी वाचलो तर व्यापार वाचेल. व्यापार वाचला तर गाव वाचेल. मग तुझ्या त्या रोटीवालीला आपण नवं दार करून देऊ."

"आणि तोवर?"

"तोवर चटई लावू दे."

"चटईला कडी नसते, हाजी. घरात वयात आलेल्या दोन मुली आहेत."

"गावातल्या सगळ्या मुलींची राखण मी करू?"

"नको. तुमच्या दारात गल्लीतली निम्मी दारं मावतात. तुम्ही ते दिलं असतं तर त्यांची राहिली असती. एवढंच म्हणतोय."

"दार माझं आहे, सेयनी. तू मजुरी घेतलीस."

"घेतली," मामा म्हणाला, आणि दुधाला हात न लावता उठला.

मी उठताना म्हटलं, "हाजी, दूध कुंबाला पाठवा. तिची भट्टी बंद आहे." माबो तोंड फिरवून हसला. तो हसलेला मला आठवतो, कारण त्यानंतर मी त्याला जिवंत पाहिलं नाही.

त्या दुपारी काबाराला सरदार आला आणि आरडाओरडा करू लागला. होड्या आखूड होत होत्या. बुटक्या दारांच्या बुटक्या फळ्या, जोडावर जोड, जोडावर जोड. त्याला लांब होडी हवी होती, माणसं आणि तोफ दोन्ही मावतील अशी. बिल्लोने ते मामाला सांगितलं.

मामा म्हणाला, "लांब फळ्या आहेत गावात. हाजी सालेमच्या घराला लागलेल्या आहेत. त्याला सांग."

बिल्लोचा चेहरा उतरला. "दादा, काय बोलतोस कळतंय का? हे मी नाही सांगणार."

"का रे? इकडचं तिकडे करतोस ना नुसतं? का इकडचं तिकडे न करायचेही पैसे मिळालेत?"

मग मामाने खाली बसून बोटाने वाळूत दार काढलं. उंट काढला. टिकल्या काढल्या, एकेक, ओळीने. सरदाराने ते पाहिलं. ज्या दारातून तो रोज जेवायला जात होता ते त्याला ओळखायला दुभाषा लागला नाही.

हे मामाने केलं. मी लपवत नाही. वाळूत बोट फिरवताना त्याच्या तोंडावर काय होतं तेही सांगते, ते समाधान होतं. कुंबाची फळी पायाशी पडलेल्या माणसाला तेवढं समाधान नको, असं ज्यांना वाटतं त्यांनी आपलं दार काढलेलं कधी पाहिलं नसेल.

पण शिपाई एका दारावर थांबले नाहीत. सुक्याबरोबर ओलंही जळतं. मोठ्या घरांना लांब फळ्या असतात हे कळल्यावर त्यांनी मोठी घरं एका टोकाकडून धरली, आणि दार निघाल्यावर दारामागे काय आहे तेही दिसलंच. माल लुटला, तिजोऱ्या फोडल्या. हाजीच्या घरी म्हातारा माबो दाराला पाठ लावून बसला. उठ म्हटल्यावर उठला नाही. बंदुकीच्या दस्त्याने त्याच्या डोक्यात घातलं. तो तिथेच गेला.

मामाला हे कळलं तेव्हा तो दोरी वळत होता. दोरी तशीच हातात धरून बसून राहिला. मग म्हणाला, "मी माबोचं नाव नव्हतं काढलं वाळूत."

"तू नाही मारलं त्याला," मी म्हटलं.

"मी दार दाखवलं."

त्या दिवसापासून हे वाक्य गावाने उचललं. सेयनीने दारं दाखवली. वाटलं तर विचारा गावाला, बंदूक कुणी उगारली? कुणाचा हुकूम होता? पाशाला रोज भाजलेलं कोकरू कोण वाढत होतं? आपलं दार वाचवायला म्हाताऱ्या चाकराला दारामागे कुणी बसवलं होतं? बिल्लोने किल्ल्यात खोली घेतली, त्याला कुणी काही म्हणालं नाही, उलट अर्ज-विनंत्या घेऊन त्याच्याकडे रांग लागली. पण सुताराला शिव्या घालायला हिंमत लागत नाही. मामा रस्त्याने चालला की मोठ्या घरांतली माणसं थुंकायची. मामी म्हणायची, "थुंकू देत. निदान रस्त्यावरची धूळ बसते." पण घरात येऊन ती रडायची.

माबोची बायको गावाबाहेर गवताच्या झोपडीत राहायची. मामा दर शुक्रवारी तिच्याकडे बाजरी घेऊन जायचा. पहिल्यांदा तिने ती उधळून दिली. मामाने खाली बसून दाणे वेचले, टोपलीत भरले, टोपली ठेवली आणि आला. पुढच्या शुक्रवारी परत गेला. शेवटी ती घेऊ लागली, पण त्याच्याशी बोलली कधीच नाही.

होड्या पुऱ्या होत आल्या तेव्हा मी त्याला हळूच म्हटलं, "मामा, चार टाके सैल सोड की. नदीच्या मध्यावर गेल्यावर सुटतील. कळणार कुणाला?"

त्याने दोरी खाली ठेवली. "वल्ह्यावर कोण बसणार आहे, न्यामोय?"

मला सुचलंच नव्हतं. नदीपार गेलेल्या नावाड्यांतले काही जण मागे राहिलेल्या म्हाताऱ्या आईबापांसाठी परत आले होते आणि सापडले होते. त्यांना धक्क्याच्या खांबांना साखळीने बांधून ठेवलं होतं. आजोबांच्या शेजारचा हाम्मा त्यांत होता. त्याच्या खांद्यावर बसून मामा लहानपणी पोहायला शिकला होता.

"शिपाई पाण्यात पडला तर बुडेल," मामा म्हणाला. "साखळीवाला तर आधी बुडेल."

त्याने टाके घट्ट घातले, आजोबा घालायचे तसे. होड्या निघाल्या. गावाची दारं पाण्यावरून आमच्याच राजाला मारायला गेली, आणि फौज जिंकली, आणि अस्किया पळाला. तेव्हापासून दुसरी शिवी सुरू झाली, की सेयनीने शत्रूला उत्तम होड्या करून दिल्या. म्हणजे दार दाखवलं म्हणून वाईट, आणि होडी बुडवली नाही म्हणूनही वाईट. हे बोलणाऱ्यांत साखळीतल्या माणसाचा भाऊ किंवा मुलगा मला एकही भेटलेला नाही.

पुढची वर्षं गाव उघडंच होतं. शिपायांना वाटेल त्या घरात शिरावं, वाटेल ते उचलावं. आमच्या काझींना आणि विद्वानांना बायकापोरांसकट साखळ्या घालून वाळवंटापार नेलं, तेव्हा त्यांच्या घरांना मोडायला दारंसुद्धा शिल्लक नव्हती. मामाने धक्का सोडला तो परत लाकडाला हात लावायलाच तयार नव्हता. एके दिवशी कुंबा आली. मोठी मुलगी शिपायाने नेली होती, धाकटीला ती पदराशी बांधून फिरत होती. ती म्हणाली, "सेयनी, मला दार कर."

"लाकूड नाही, कुंबा."

"मग कशाचंही कर."

त्याने ताडाच्या झावळ्यांच्या दांड्यांची चौकट केली, त्यावर बैलाचं ओलं कातडं ताणलं. वाळल्यावर ते ढोलासारखं टणक झालं. कडी लाकडाची. भक्कम नव्हतंच ते, लाथेने फाटलं असतं. पण बाहेरून कुणी हात लावला की ढोलासारखं वाजायचं आणि गल्ली जागी व्हायची. मग एकीचं पाहून दुसरी आली. ज्या बायकांची दारं त्याने स्वतः मोडली होती त्यांची घरं त्याने कातड्याने बंद केली. धान्य दिलं तर घेतलं, नाही दिलं तर नाही. हे मात्र गावाच्या लक्षात नाही.

व्यापार वाचला नाहीच. सोन्याच्या आशेने आलेल्यांना सोनं सापडलं नाही. सोनं जंगलात होतं आणि त्याने वाट बदलली, समुद्राकडे, गोऱ्यांच्या गलबतांकडे जाऊ लागलं असं उंटवाले सांगायचे. काफिले विरळ झाले. हाजी सालेम उरलंसुरलं उंटांवर लादून उत्तरेला निघून गेला. गाव वाचवायला निघालेला माणूस गाव सोडून जाणाऱ्यांत पहिला होता. त्याची नातवंडं पुढे परत आली, पाशाच्या शिपायांच्या घरांत सोयरिक केली, आणि आता तीच आम्हाला अब्रू शिकवतात.

मामा दुष्काळाच्या वर्षी गेला. नदी आटली होती, मग साथ आली. त्याला काबारात पुरायचं ठरलं, आजोबांशेजारी. मयत धुऊन खाटल्यावर ठेवली आणि खांदा द्यायला पुरुषच येईनात. मोहल्ल्यातले लोक भिंतीच्या सावलीत उभे राहिले. कुणी साथीचं निमित्त सांगितलं, कुणी तेही नाही. नवा इमाम पाशाच्या माणसांनी नेमलेला, तो आईला म्हणाला, "आक्का, लोकांच्या मनात आहे थोडं. संध्याकाळपर्यंत थांबू."

माझी आई आयुष्यात कधी पुरुषांसमोर मोठ्याने बोलली नव्हती. ती उठून त्या सावलीसमोर जाऊन उभी राहिली. "तुमच्यापैकी कुणाकुणाच्या घराला माझ्या भावाचं कातडं लागलंय ते मला माहीत आहे," ती म्हणाली. "खांदा देऊ नका. घरी जा आणि आपल्या बायकांना तोंड दाखवा."

कुणी हललं नाही. पण गल्लीतून बायकाच आल्या. कुंबा पुढे, मागे तिची धाकटी, मागे बाकीच्या. बायका मयतीला खांदा देत नाहीत आमच्यात, कधीच नाही. कुंबाने पदर खोचला आणि खाटल्याचा पाय धरला. इमाम म्हणाला, "हे चालत नाही." कुंबा म्हणाली, "मग तुम्ही धरा." त्याने धरला नाही, म्हणून तिने उचलला. मी दुसरा धरला. वेशीपर्यंत आम्ही नेलं. तिथे काबाराहून आलेले नावाडी भेटले, हाम्माचा मुलगा त्यांत होता, त्यांनी खांदे बदलले आणि मामाला नदीकडे घेऊन निघाले, आम्ही बायका मागून. माबोची बायको वाटेत आपल्या झोपडीच्या तोंडाशी उभी होती. आम्ही दिसेनासे होईपर्यंत उभी होती एवढं मी मागे वळून पाहिलं.

मामी पुढे बरीच वर्षं जगली, सूत कातून. तिने त्या मोहल्ल्यातल्या एकाही पुरुषाच्या सलामाला कधी उत्तर दिलं नाही. मी देते, पण मनापासून देत नाही.